स्पेअर बटन्स ऐकायला बेंगळुरूला

आमच्या सांगलीतून बेंगळुरूला माणसं तीन कारणांनी जातात: मुलाकडे, सुनेच्या बाळंतपणाला किंवा डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे. मला मुलगा नाही, म्हणून सूनही नाही, आणि डोळे पन्नाशीच्या मानाने ठणठणीत आहेत. त्यामुळे स्टाफरूममध्ये रजेचा अर्ज लिहिताना कारणाच्या रकान्यात काय भरावं, हा प्रश्न पडला. 'इंग्रजी बँड ऐकणे' असं फिजिक्सच्या मास्तराने लिहिलं तर प्राचार्य मलाच डॉक्टरकडे पाठवतील. मी 'घरगुती काम' लिहिलं. ते खोटं नव्हतं.

बँडचं नाव 'स्पेअर बटन्स'. तुम्ही ऐकलं नसेल, त्यात तुमचा दोष नाही. इंग्लंडातही फारसं कुणी ऐकलेलं नाही. शर्टाच्या आतल्या पट्टीला एक जादा बटण शिवलेलं असतं ना, ते. उत्तरेकडच्या एका गार, वाऱ्याच्या समुद्रगावातली ही चार माणसं. नील गातो, जोन नावाची बाई ड्रम वाजवते, कॉलिन गिटार वाजवायचा आणि बेस वाजवणारा दर दोन वर्षांनी बदलायचा. पहिली कॅसेट त्यांनी चर्चच्या हॉलमध्ये रेकॉर्ड केली. चार बरी परीक्षणं आली. दुसरी निघायची त्याच महिन्यात काढणारी कंपनी बुडाली. तिसरी जोनच्या गॅरेजमध्ये झाली. मग एकदा कार्यक्रमाहून परतताना हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर सगळे चहाला उतरले, आणि कॉलिन परत गाडीत बसलाच नाही. भांडण नाही, तंडण नाही. त्याला बारा वर्षं झाली. आता नील पोस्टमन आहे, जोन लहान मुलांना पोहायला शिकवते, आणि सुट्ट्या जुळल्या की दोघं वाजवतात. एका बँडची कारकीर्द एवढीच, एका परिच्छेदात मावणारी.

पण पंचवीस वर्षांपूर्वी सांगलीच्या गावभागात या बँडचे दोन कट्टर भक्त होते. एक मी, दुसरा श्रीकांत. त्याच्या आतेभावाने तिकडून पाठवलेली ती पहिली कॅसेट आम्ही श्रीकांतच्या वडिलांच्या टेपवर इतकी वाजवली की तिसऱ्या गाण्यात आवाज बुडबुडायला लागला. त्याच्या वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पा नाट्यगीतांतले. तरी संध्याकाळी आपलं ऐकून झालं की म्हणायचे, "लावा रे आता तुमचं बटण." आणि आरामखुर्चीत डोळे मिटून तेही ऐकायचे. तिसऱ्या गाण्यात मध्येच शब्द थांबतात आणि कॉलिनची गिटार एकटी वर चढत जाते. ती आम्ही दोघं तोंडाने वाजवायचो. अप्पा म्हणायचे, "वन्स मोअर."

श्रीकांत शिकून बेंगळुरूला सरकारी कारखान्यात इंजिनियर झाला. मी सांगलीतच राहिलो. सात वर्षांपूर्वी अप्पा सांगलीत गेले. आणि मी त्यांच्या मयताला गेलो नाही.

मी गावातच होतो. सायकलवर दहा मिनिटांचं अंतर. सकाळी दाढी करायला गेलो होतो तिथं न्हाव्याने सांगितलं. मी अर्ध्या दाढीने बसून राहिलो आणि माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली? श्रीकांतने मला फोन केला नाही. रात्रीच सांगलीत पोचलाय आणि मला न्हाव्याकडून कळतंय! मी रुसका आहे, लहानपणापासून. घरी जाऊन फोनसमोर बसलो. म्हटलं, आता करेल, मग करेल. लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयताला बोलावण्याची वाट बघू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी दुपारी दोनपर्यंत वाट बघितली. तोवर सगळं उरकलं होतं. मग दहाव्याला कुठल्या तोंडाने जायचं? तेराव्याला? महिनाभराने? दर दिवशी फोन करणं जास्त जड होत गेलं, आणि सात वर्षं झाली.

बँड भारतात येतोय, शेवटचा दौरा आहे, बेंगळुरूला एक कार्यक्रम आहे, हे मोबाइलवर दिसलं तेव्हा मी श्रीकांतला लिहिलं: 'बटणवाले येतायत. शनिवारी. मी येतोय.' दोन दिवसांनी उत्तर आलं: 'बघतो.' त्या एका शब्दावर मी तिकीट काढलं.

शनिवार सकाळ, जयनगर

मी खोली मुद्दाम जयनगरात घेतली होती, कारण श्रीकांतचं घर तिथं. खोली एका मराठी घरातली, वरच्या मजल्यावरची. घरमालकीण सुमित्राबाई, वय सत्तरीचं, नाकात दोन्हीकडे चमक्या. मी "काकू" म्हटल्यावर त्यांनी हात हलवला.

"अक्का म्हणा. इथं सगळे अक्काच म्हणतात. या की, बसा स्वल्प. कॉफी घ्या."

"चहा असेल तर—"

"चहा कशाला? कॉफी घ्या."

त्यांचे पूर्वज म्हणे चारशे वर्षांपूर्वी फौजेमागून इकडे आले. "परत जायचं राहूनच गेलं बघा," असं त्या म्हणाल्या, जणू गेल्या आठवड्यातली गोष्ट. त्यांच्या मराठीत माझ्या आजीच्याही ऐकिवात नसलेले शब्द होते आणि त्यांच्यामध्ये कन्नड सुखाने नांदत होतं. मात्र त्यांना माझंच मराठी अवघड वाटत होतं. "तुम्ही फार घाईत बोलता. सगळं अर्धं अर्धं इंग्लिश." नाश्त्याला चित्रान्न होतं. आमच्याकडे उरलेल्या भाताचा फोडणीचा भात होतो, इथं त्यासाठी मुद्दाम ताजा भात लावतात, आणि लिंबू पिळताना हात आखडत नाहीत. मी दोनदा वाढून घेतलं. अक्का समोर बसून बघत होत्या. कुणीतरी मी जेवताना समोर बसलंय, याची मला सवय राहिलेली नाही. घास लागेल की काय असं वाटलं.

"काय काम काढलंत बेंगळुरूला?"

"मित्र आहे. भेटायचंय."

"मित्र इथं, आणि तुम्ही खोली घेऊन राहता?" अक्कांनी विचारलं. मग माझं तोंड बघून त्याच म्हणाल्या, "सरी, सरी, असू दे. भात घ्या."

दहा वाजता मी श्रीकांतचं घर शोधायला निघालो. पत्ता मला पाठ होता, पूर्वी दिवाळीला आम्ही पत्रं पाठवायचो तेव्हापासून. रस्त्यावर मोठी झाडं, फुलं विकणाऱ्या बायका शेवंती हाताने मोजून देत होत्या. हात म्हणजे बोटापासून कोपरापर्यंत. आमच्याकडे गजरा नगावर, इथं फुलं लांबीवर. घर सापडलं. फाटकावर पाटी दुसऱ्याच कुणाची. एक बाई बाहेर आल्या. माझं हिंदी आणि त्यांचं हिंदी यांची गाठ पडायला वेळ लागला, पण शेवटी कळलं: ते लोक इथं भाड्याने होते. तीन वर्षांपूर्वी आनेकलकडे स्वतःचं घर बांधून गेले.

तीन वर्षांपूर्वी. वास्तुशांत झाली असेल, पंगत झाली असेल. मी जिन्याच्या पायरीवर बसून बूट पुन्हा बांधले, सुटलेले नव्हते तरी. मला फार एकटं वाटलं. ज्याचा पत्ता आपल्याला पाठ आहे असा माणूस तिथं राहतच नसतो, तेव्हा आपण इतकी वर्षं कुणाला आठवत होतो असं वाटतं.

शनिवार दुपार, जे. पी. नगर

कार्यक्रम चार वाजता, बिअर बनवणाऱ्या एका हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये. तिथला मॅनेजर या बँडचा चाहता, म्हणून त्याने बोलावलेलं. मी साडेतीनलाच पोचलो. आमच्या भावे नाट्यमंदिरात जायचं तर इस्त्रीचा शर्ट घालून जातात, तसा मी घातला होता. बाकी सगळे हाफ चड्डीत. माणसं तीसेक असतील, त्यातली निम्मी उशिरा जेवायला आलेली. त्यांना बँड आहे हे मेनूकार्डावरून कळलं. मी पुढच्या टेबलावर दोन खुर्च्या धरल्या. एका खुर्चीवर मी, दुसरीवर माझी शबनम. तिच्यात श्रीकांतसाठी आणलेलं भडंग.

"सर, ये चेअर खाली है?" वेटरने विचारलं.

"नहीं. आ रहे हैं."

असं त्याने तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्याने विचारलं नाही, नुसतं खुर्चीकडे बघितलं आणि गेला, ते मला जास्त लागलं.

नील आला. फोटोतला केसाळ पोरगा नव्हे, चष्मेवाला, पोट सुटलेला पोस्टमन. जोनचे केस पांढरे, दंड मात्र पोहणारणीचे. बेसवर कुणीतरी तरुण, भाड्याने आणलेला. स्वतःच वायरी जोडल्या, स्वतःच गाठी सोडवल्या. स्टेजच्या डाव्या बाजूला एक माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी होती. मला वाटलं, स्पीकर ठेवायचे असतील.

पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या अंगावर काटा आला. आवाज फाटलेला, सूर थोडा खाली, पण तेच ते. मी मागे वळून दार बघितलं. दुसरं गाणं. दार. मग तिसरं. नील शब्दांच्या शेवटाला आला आणि गप्प झाला. इथं कॉलिनची गिटार चढते. गिटार नव्हतीच. जोन आणि तो बेसवाला नुसता ठेका धरून राहिले. सोळा मात्रा झाल्या, बत्तीस झाल्या. नील मान खाली घालून त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून उभा. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय, यांची वायर तुटली, आणि मी काय केलं तर तोंडाने वाजवायला लागलो. "टॅण् टॅटॅ टॅण्..." मोठ्याने. इस्त्रीच्या शर्टात, डोळे मिटून, अगदी शेवटच्या चढापर्यंत. डोळे उघडले तर हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. जोनचा हात क्षणभर अडखळला. मग नीलने पुढचं कडवं उचललं. सवयीने माझ्या तोंडून "वन्स मोअर" निघून गेलं. कुणी हसलं नाही. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

कार्यक्रम संपला तेव्हा पावणेसहा वाजले होते. दुसरी खुर्ची तशीच. बँडने स्वतःच सामान आवरलं. आमच्याकडे नट मेकअप उतरवतात तेव्हा पडद्यामागे जाऊन भेटायची पद्धत आहे. इथं तसला पडदाच नव्हता. जोन टेबलावर रेकॉर्डी मांडून बसली होती. मी जाऊन माफी मागितली. माझं इंग्रजी वर्गातलं, न्यूटनच्या नियमांपुरतं, पण तिला कळलं.

ती म्हणाली, "ती जागा आम्ही बारा वर्षं मोकळी ठेवलीय. कॉलिनसाठी. त्याचं मन बदललं तर. आजवर कुणी भरली नव्हती."

"सॉरी. मला वाटलं, वायर तुटली."

"सूर बरोबर होते सगळे," ती म्हणाली. थोडी हसली, पण डोळ्यांत पाणी होतं.

"त्याला कळवलंय का, की जागा ठेवलीय?"

"नाही. आम्हाला वाटतं, त्याने विचारावं."

मग मी तिला आमची लग्नाची आणि मयताची म्हण सांगितली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. ती बराच वेळ रेकॉर्डींचे कोपरे जुळवत राहिली. "तुम्ही स्वतः पाळता हे?" तिने विचारलं.

"उद्या," मी म्हटलं.

कारण तेवढ्यात फोनवर श्रीकांतचा निरोप आला होता: 'आज शिफ्ट होती रे, सुटलोच नाही. उद्या घरी ये जेवायला. लोकेशन पाठवतो.'

रविवार, आनेकल

अक्कांनी पोळीला चटणीपूड लावून गुंडाळी करून हातात दिली. "बसमध्ये खा. मित्राकडे उपाशी पोटी जाऊ नका, भांडण होतं." मी भांडणाचं काही बोललो नव्हतो.

बस शहरातून निघता निघत नाही. इमारती संपल्या असं वाटतं आणि पुन्हा इमारती. मग कारखान्यांची फाटकं लागली, रविवार असूनही डबे घेतलेले कामगार चढत-उतरत होते. त्यानंतर एकदम नाचणीची शेतं, निलगिरीच्या रांगा, मध्येच प्लॉट पाडलेली लाल माती. आमच्याकडे कृष्णाकाठची काळी माती पायाला चिकटते. इथली लाल, कोरडी, बुटावर पावडरीसारखी बसते. कंडक्टर काहीतरी ओरडला, सगळे उतरले म्हणून मीही उतरलो. ते आनेकल नव्हतं. पुढचे तीन किलोमीटर उन्हात चाललो. बरंच झालं. मला वाक्य पाठ करायला वेळ हवा होता. 'श्री, अप्पा गेले तेव्हा मी आलो नाही. गावात असून आलो नाही. तू फोन केला नाहीस म्हणून रुसून बसलो. चुकलो.' एवढंच म्हणायचं, कारणं द्यायची नाहीत. शेताच्या कडेने मी ते मोठ्याने म्हणत चाललो होतो. एक म्हातारा बैलाला पाणी पाजत होता, त्याने आदराने मान हलवली. त्याला बहुधा मंत्र वाटला असेल.

श्रीकांत फाटकातच उभा होता. जाड झालाय, टक्कल पडलंय. "अरे ये ये ये!" म्हणून त्याने मला मिठीच मारली. त्याची बायको मेधा बाहेर आली. भडंगाची पिशवी तिने तिथंच फोडली आणि बशीत ओतली.

"कसे होते रे बटणवाले? अजून वाजवतात म्हणजे कमाल आहे," श्रीकांत म्हणाला. "आणि तो कॉलिनचा पीस?"

मी माझी फजिती सांगितली. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने बशी खाली ठेवली आणि तोंडाने सुरुवात केली, "टॅण् टॅटॅ..." मी साथ दिली. दोघांचं शेवटच्या चढाला एकत्रच चुकलं. मेधा म्हणाली, "देवा! हे असं पूर्वी रोज चालायचं?" मला वाटलं, झालं, सात वर्षं धुतली गेली. आता फक्त बोलायचं.

जेवण झालं. अवरेकाळूची उसळ होती, आपल्या पावट्याच्या जातीचीच. मेधा कॉफी घेऊन आली. मी पेला खाली ठेवला.

"श्री, एक बोलायचंय. अप्पा गेले तेव्हा मी—"

"माहितीये रे." त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "विसरेन का मी ते?"

मी सावरून बसलो. म्हटलं, आता येऊ दे काय यायचं ते.

"खांद्यावर मडकं घेऊन फिरत होतो. तिसऱ्या फेरीला माझा पाय घसरला. पडलोच असतो बघ. मागून तू कोपर धरलास. शेवटपर्यंत सोडला नाहीस. एक अक्षर बोलला नाहीस." त्याने कोपरावर हात ठेवला. "त्या दिवसातलं मला दुसरं काही आठवत नाही. कोण आलं, कोण गेलं, काही नाही. तुझा हात तेवढा आठवतो."

"हे नेहमी सांगतात," मेधा म्हणाली. "मुलालाही सांगतात, सांगलीच्या चुलतभावांनाही सांगतात, मित्र असावा तर असा."

मी त्याच्या कोपराकडे बघत राहिलो. तेवढं वाक्य बोलायला मी एवढ्या लांब आलो होतो. ते बोललो असतो तर त्या दिवसातलं त्याच्याकडे काय उरलं असतं?

"तू काय म्हणत होतास?" श्रीकांतने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "अप्पांची आठवण आली."

तो मला बसपर्यंत सोडायला आला. बस हलल्यावरही हात हलवत उभा राहिला. मी खिडकीतून हात हलवला आणि तो दिसेनासा झाल्यावर रडलो. शेजारच्या बाईंनी न विचारता मला अर्धं संत्रं सोलून दिलं. माफी मागायला गेलो होतो, आणि आभार घेऊन परत येत होतो. ज्याच्याजवळ मन मोकळं करायचं, असा जगात एकच माणूस होता, आणि आता त्यालाच हे कधी सांगता येणार नव्हतं.

सांगली

परत आल्यावर चार दिवसांनी श्रीकांतचा चुलतभाऊ भाजी मंडईत भेटला. त्या दिवशी सगळी व्यवस्था त्यानेच बघितली होती. मला त्या हाताचा माणूस शोधायचा होता. निदान त्याला तरी खरं सांगता आलं असतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अप्पांच्या वेळी स्मशानात श्रीकांतजवळ कोण कोण होतं रे?"

त्याने भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बोटांवर मोजायला लागला. "मी होतो. दादा होते. शेजारचे दोघे होते." मग त्याने माझ्याकडे बघितलं, काय वेड्यासारखं विचारतो अशा नजरेने.

"आणि तू होतास की."